घरातील हिंसा आणि गावाचा आधार : प्राथमिक शिक्षकांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

पावसाळ्यातील शनिवार-रविवार आला म्हणजे लोणावळ्याचे रस्ते मोटारींनी भरून जातात. भुशी धरणाच्या वाटेवर कणसे भाजणारी, चिक्कीच्या दुकानांत मापे करणारी, बंगल्यांची राखण करणारी आणि हॉटेलांत भांडी घासणारी माणसे ही बहुतांशी आपल्याच शाळांतील मुलांचे आईबाप होत. ज्या दिवशी शाळेला सुटी, त्याच दिवशी आईबापांना सर्वांत अधिक काम. आणि म्हणून त्याच दिवशी मुले घरी एकटी, किंवा कोणा ओळखीच्याच्या हवाली. तिकडे नाणे मावळ, अंदर मावळ व पवन मावळ येथील वाड्यांवरून दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. काही मुले बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. मुलाचा सांभाळ प्रत्यक्षात कोण करतो, ही बाब हजेरीपटाच्या कोणत्याच रकान्यात उमटत नाही. शिक्षकास मात्र ती ठाऊक असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तेथूनच सुरू होतो.

कुटुंबात होणारी मारहाण आणि स्त्रिया व बालके यांच्यावर होणारे लैंगिक अत्याचार हा विषय शाळेच्या परिपत्रकात कशासाठी, असे कोणास वाटेल. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मलाही तसेच वाटे. एका वाडीच्या शाळेत मी असताना तिसरीतील एक मुलगा रोज पहिल्याच तासाला पेंगत असे. मी त्यास दोनदा उभे केले. तिसऱ्या खेपेस छडी मारली. पुढे कित्येक दिवसांनी शाळेत पाणी भरणाऱ्या बाईंकडून कळले की, त्याचा बाप रात्री दारू पिऊन आईला मारी, आणि आई दोन्ही मुलांना घेऊन शेजारच्या पडवीत रात्र काढी. घरी मार पाहून आलेल्या मुलाला मी शाळेत पुन्हा मारच दिला होता. मी मुख्याध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, हा घरचा मामला आहे, आपण त्यात पडू नये." मी पडलो नाही. त्या वर्षाच्या अखेरीस ते मूल शाळा सोडून गेले. पुढे त्याचे काय झाले हे मला आजपर्यंत कळलेले नाही.

'घरचा मामला' हे दोन शब्दच या विषयातील सर्वांत मोठी अडचण होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. म्हणजे चार घरांमागे एक घर. याहून विचार करावयास लावणारा आकडा दुसराच आहे. त्याच पाहणीप्रमाणे, देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोठे मदत मागितली. सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही व कोणापाशी शब्दही काढला नाही. तेव्हा ज्या घरातून तक्रार येत नाही ते घर सुखी आहे, असे अनुमान काढणे चुकीचे ठरते.

बालकांच्या बाबतीत आणखी एक भ्रम दूर करावयास हवा. अत्याचार करणारा मनुष्य परका असतो, तो अंधारात येतो, अशी आपली समजूत असते. म्हणून आपण मुलांना 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये' एवढेच शिकवून थांबतो. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्म्या व्यक्ती मुलाच्या ओळखीच्या व विश्वासातील निघाल्या. आपल्या तालुक्यालाही याचा दारुण अनुभव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पवन मावळातील एका गावात सात वर्षांच्या बालिकेवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. गुन्हेगार शेजारीच राहणारा होता. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यास मृत्युदंड सुनावला, आणि पुरावा दडविण्यास साहाय्य करणाऱ्या त्याच्या घरातील व्यक्तीसही शिक्षा झाली. गावाचे नाव येथे हेतुतः दिलेले नाही. पीडित बालकाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि हा संयम आपण शिक्षकांनी प्रथम अंगी बाणवावयास हवा. कारण चहाच्या टपरीवर नाव फुटते ते पुष्कळदा शाळेतूनच.

पुण्याची जुनी परंपरा

संकटात सापडलेल्या स्त्रीला समाजाने आधार द्यावा, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवणुकीस वा बळजबरीस बळी पडलेल्या विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल हवे तर तेथे ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. त्याच गृहात जन्मलेल्या यशवंतास या दांपत्याने दत्तक घेतले. या योजनेतील बारकावा पाहण्यासारखा आहे. त्यांनी केवळ निषेध केला नाही, की उपदेश केला नाही. स्त्रीला जाण्यासाठी एक दार उघडे ठेवले, आणि आत येणाऱ्या स्त्रीचे नाव बाहेर जाऊ दिले नाही. आजही कोणत्याही आधार केंद्राचे यश या दोनच गोष्टींवर ठरते.

पुढील काळातील हकिगत थोडक्यात सांगतो. विदर्भातील देसाईगंज येथे १९७२ मध्ये पोलीस ठाण्याच्या आवारातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांस निर्दोष सोडले. त्यावरून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्याच वर्षी विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. पूर्वी तो ४९८-अ या कलमाने ओळखला जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ व ८६ यांनी त्याची जागा घेतली आहे. पुण्यात याच सुमारास विद्याताई बाळ व त्यांच्या सहकारी भगिनींनी नारी समता मंच स्थापन केला आणि स्त्रियांना मन मोकळे करता यावे म्हणून 'बोलते व्हा' हे केंद्र चालविले. मुंबईत १९८४ साली टाटा समाज विज्ञान संस्था व पोलीस खाते यांनी मिळून 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. येथे समाजकार्याचे शिक्षण घेतलेली कार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीतच बसते. स्त्री तिच्यापाशी आधी बोलते. तक्रार नोंदवावी की नाही, घरी परत जावे की नाही, याचा निर्णय स्त्री स्वतः घेते. कार्यकर्ती तिला त्या निर्णयाच्या बळाने उभी करते. पोलिसाच्या दाराशी जाण्याचे भय यामुळे निम्मे उणावते. हा प्रयोग पुढे राज्य शासनाने अंगीकारला.

ग्रामीण भागातील उदाहरण हवे असेल तर ते आपल्याच जिल्ह्यात आहे. पुरंदर तालुक्यात १९८७ पासून 'मासूम' अर्थात महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ ही संस्था काम करीत आहे. आरोग्य, बचत आणि हिंसाग्रस्त स्त्रियांना सल्ला ही कामे तिने वेगवेगळी मानली नाहीत, हे तिच्या कार्याचे मर्म. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःची थोडी बचत नाही, जिला रात्रीपुरते जाण्यास घर नाही, तिला 'सोसू नकोस' असे सांगणे ही केवळ शब्दांची दया होय. पुरुषांमधील कामाचेही उदाहरण आहे. पत्नीला मारणे ज्यांस अमान्य आहे अशा पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन १९९१ मध्ये एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून केले. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरे पाठविली, आणि त्यातून १९९३ साली मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. आपल्या गावातही असे पुरुष आहेत. त्यांना कोणी विचारलेले नसते, इतकेच.

आता, असा आधार मिळाल्याने हिंसा थांबते कशी? मारणाऱ्याचे सामर्थ्य पुष्कळसे एकांतात असते. आपण केलेले कोणास कळणार नाही, कळले तरी कोणी बोलणार नाही, आणि बोलले तरी हिला जाण्यास जागा नाही, या तीन खात्र्यांवर तो निश्चिंत असतो. शेजारीण दार ठोठावते, आशाताई दुसऱ्या दिवशी विचारपूस करून जाते, बचत गटातील बाया एकत्र येऊन बसतात, तेव्हा यांतील एकेक खात्री ढासळते. प्रत्येक घरी हा उपाय पुरेल असे मी म्हणत नाही. जेथे जिवास धोका आहे तेथे पोलीसच हवेत. परंतु मारहाण प्राणावर बेतण्याआधी तिची कुणकुण वाडीला बहुधा लागलेली असते, आणि हा मधला काळच गावाच्या हाती असतो.

दारूविषयी येथेच दोन शब्द. स्त्रियांनी मागणी करून मतदानाने दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. 'आडवी बाटली' म्हणून ती सर्वांस परिचित आहे. तिचा उपयोग अवश्य करावा. तथापि दारू हेच सर्व हिंसेचे मूळ आहे, असे समजू नये. दारू न पिणारे पुरुषही मारतात. आणि पिणारा मनुष्य ठेकेदाराला किंवा फौजदाराला मारीत नाही, घरी येऊन पत्नीलाच मारतो. कोणास मारले असता चालते, हे त्यास शुद्धीवर असतानाच ठाऊक झालेले असते.

कायदा शिक्षकास किती माहीत असावा

'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. मारहाणीखेरीज लैंगिक छळ, अपमान व धाकदपटशा करणे, आणि खर्चास पैसे न देणे वा तिची मिळकत काढून घेणे, यांसही तो हिंसाच मानतो. ज्या घरात ती नांदते त्या घरात राहण्याचा हक्क, ते घर कोणाच्याही नावावर असो, तिला आहे. या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तक्रार तिनेच केली पाहिजे असे नाही. शेजारी, शिक्षक, कोणीही त्यांस कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळविणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. संरक्षण अधिकारी अहवाल करून अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात. आपल्या तालुक्याकरिता ते न्यायालय वडगाव येथे आहे. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी, असे कायदा सांगतो.

बालकांसाठीचा कायदा २०१२ चा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू आहे, आणि 'पोक्सो' या नावाने तो ओळखला जातो. १८ वर्षांखालील प्रत्येक मूल त्याच्या कक्षेत येते. येथे 'मूल' या शब्दात मुलगाही आला, हे मी मुद्दाम सांगतो. कारण मुलग्यांच्या तक्रारी आपण हसण्यावारी नेतो. शिक्षकाच्या दृष्टीने यातील कलम १९ सर्वांत महत्त्वाचे. गुन्हा घडला आहे असे ज्यास कळले, किंवा घडण्याची धास्ती वाटली, त्याने ते पोलिसांस अथवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलेच पाहिजे. न कळविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत. सद्हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध न झाली तरी कळविणारास भय नाही. शाळेची बदनामी होईल या भीतीने विलंब केला असता काय होते, हे ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या प्रकरणाने सर्व महाराष्ट्राने पाहिले आहे.

मुलाचा जबाब पोलीस त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घेतात. शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. तातडीच्या उपचारासाठी 'आधी पोलिसांचा कागद आणा' असे रुग्णालयास म्हणता येत नाही. राज्य शासनाची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. तीतून अत्याचारपीडित स्त्री व बालकांस अर्थसाहाय्य मिळते. ही माहिती पालकास त्याच दिवशी दिली, तर 'कोर्टकचेरीला पैसा कोठून आणू' या चिंतेने माघार घेणारे घर पुष्कळदा सावरते.

आपल्या तालुक्यात हद्दीचा एक घोळ असतो. लोणावळा, कामशेत व वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तर तळेगाव दाभाडे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे. 'हे आमच्या हद्दीत नाही' असे उत्तर मिळाल्यास निरुत्साही होऊ नये. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोणत्याही ठाण्यास अशी खबर नोंदवून घ्यावी लागते. पुढे ती योग्य ठाण्याकडे धाडणे हे त्यांचे काम.

मूल बोलू लागते तेव्हा

मूल सहसा सरळ सांगत नाही. मधल्या सुटीत वर्गाबाहेर न जाणे, शाळा सुटल्यावर घरी जाण्यास टाळणे, एखाद्या माणसाचे नाव निघताच गप्प होणे, लघवीच्या वेळी दुखते म्हणणे, अक्षर एकाएकी बिघडणे, अशी ही भाषा असते. यांतील एखादे लक्षण दिसले म्हणजे अत्याचारच झाला असे नव्हे. चौकशी मात्र व्हावी, आणि ती मायेने.

मूल बोलू लागले की हातातले काम बाजूला ठेवावे. इतरांच्या दृष्टीस पडेल पण कानी पडणार नाही अशा जागी बसावे. 'तू सांगितलेस हे फार चांगले केलेस. यात तुझा काही दोष नाही', इतके बोलावे. 'तू तिकडे कशाला गेलीस?', 'आधी का नाही सांगितलेस?' असे प्रश्न चुकूनही करू नयेत. खोदून खोदून विचारणे हे पोलिसांचे व न्यायालयाचे काम आहे; आपण मुलाचे शब्द, त्याने वापरले तसेच, वार व वेळ घालून लिहून ठेवावे. 'कोणास सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते आपणांस पाळता येणार नाही. 'ज्यांनी मदत करावयाची त्यांनाच सांगेन' असे म्हणावे. नंतर त्याच दिवशी खबर द्यावी. संशयित व्यक्ती घरातीलच असेल, तर मुलाला घरी धाडण्यापूर्वी १०९८ या क्रमांकावर बोलावे. ही बालसाहाय्य सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली व २०२३ पासून शासनाकडून चालविली जाते.

गावात अशा वेळी बैठक भरते. वडीलधारी मंडळी म्हणतात, प्रकरण गावातच मिटवा, मुलीचे पुढे लग्न व्हावयाचे आहे. त्यांचा हेतू सर्वदा वाईट असतो असे नाही. परंतु २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्ती मोहिमेने बांधाचे, वाटेचे, पाण्याचे वाद गावात मिटविले म्हणून बालकावरील अत्याचारही तेथे मिटविता येईल, असा समज कोणी करून घेऊ नये. असली तडजोड कायद्यास मान्य नाही. शिक्षकाने त्या बैठकीस पंच म्हणून बसू नये.

समित्या कागदावरून उतरविणे

गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असावयाची. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. मार्च २०२२ च्या निर्णयान्वये शाळेत सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आहेत. समित्यांची वाण नाही. माझ्या भेटींत मी पाहतो ते असे : फलकावर नावे असतात, त्यांतील एक सदस्य गाव सोडून गेलेला असतो, आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे ते शोधावे लागते. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात टांगली तर तीत चिठ्ठी कोण टाकणार? ती पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर, मुलाच्या उंचीला असावी. आणि लिहिता न येणाऱ्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पेटी नव्हे, कान हवा. वर्गातील कोणत्या बाईंशी ती मोकळेपणी बोलतात हे पाहून ते काम त्यांना द्यावे.

समितीच्या पहिल्या बैठकीत ठराव न करता एक साधा नकाशा काढावा. कोणत्या वाडीची मुले कोणत्या वाटेने येतात, वाट कोठे निर्जन आहे, शनिवारी-रविवारी कोण एकटे असते, भट्टीवर गेलेल्यांची मुले कोणापाशी आहेत, हे त्यावर मांडावे. मग प्रत्येक वस्तीत असे एक घर ठरवावे की, जेथे मूल किंवा मुलाची आई कोणत्याही वेळी जाऊ शकेल. त्या घरातील बाईला विचारून, तिच्या घरच्यांची संमती घेऊन. बालविवाह रोखण्याचेही काम याच मंडळींकडे द्यावे. गावात बालविवाह प्रतिबंधाचा अधिकार ग्रामसेवकांस (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दिलेला आहे. परंतु सातवीतील मुलीची सोयरीक जुळली हे प्रथम कळते ते तिच्या मैत्रिणींना, आणि त्यानंतर शिक्षकाला.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. तिचा उपयोग करावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, आणि मग राज्य शासनाने तोच कित्ता इतर गावांपुढे ठेवला. एका ग्रामसभेचे बळ एवढे असू शकते.

एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. ज्या वर्गात छडी आहे त्या वर्गातील मूल घरातल्या माराविषयी गुरुजींना सांगणार नाही. हे मी वर लिहिलेल्या त्या मुलाकडून शिकलो, आणि उशिरा शिकलो.

प्रत्येक शाळेने १०९८, महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक रंगाने भिंतीवर लिहावेत. कार्यालयाच्या आत नव्हे, मुले व आया उभ्या राहतात त्या बाजूस. येत्या शिक्षण परिषदेस येताना केंद्रातील मुख्याध्यापकांनी आपल्या गावच्या बाल संरक्षण समितीतील सदस्यांची आजची नावे, वाडीवार ठरविलेली घरे, आणि तक्रारपेटी शेवटची कधी व कोणासमक्ष उघडली तो दिनांक, एवढी माहिती एका कागदावर लिहून आणावी. पेटी उघडलीच नसेल, तर तसेच लिहावे.